घाटमाथ्यावर आम्ही चौघं

लढाई संपली होती, पण सायकलची टायरं अजून मिळत नव्हती. हे आधी सांगते, कारण आमच्या त्या सहलीचं निम्मं बोलणं टायरांवरच झालं, आणि उरलेलं निम्मं झालं ते माझ्या हुशारीवर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तशी गत. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, काष्टीच्या शाळेत मुलींना शिकवत होते, आणि माझ्याइतकं नीट ठरवाठरवीचं काम दुसऱ्या कुणाला येत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

घरात बाबा आणि मी, दोघंच. आई मी शाळेत असतानाच गेली. बाबा आमच्याच शाळेचे हेडमास्तर. रविवारी त्याच खोलीत फळा भिंतीकडे फिरवून ते उपासना चालवायचे. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची दहा-बारा घरं, त्यांना वेगळं मंदिर कुठलं? बाबांनी बावीस वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी ते उभे राहिले होते.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बाबांना त्याला मास्तर करायचं होतं आणि त्याला व्हायचं होतं सायकलवाला. पुस्तक हातात दिलं की याचे डोळे मिटायचे, आणि तीन घरं पलीकडे कुणाची चेन करकरली की हा इथून उठून पळायचा. वेगाचं तर त्याला वेडच. शेजारच्या गावच्या जत्रेत एका रविवारी सायकलींची शर्यत लागली. हा उपासनेला बुट्टी मारून गेला आणि पहिला आला. पुढच्या रविवारी बाबांनी शब्बाथ, म्हणजे देवाचा दिवस, पाळण्यावर उपदेश केला. नाव घेतलं नाही, पण दहा-बारा घरांत नाव घ्यावं लागतं होय? सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो उठला, दाराशी चपला घातल्या आणि गेला. दुपारी मी ताटं वाढली तेव्हा त्याची पिशवी खुंटीवर नव्हती.

आमच्या घरात कुणीही परगावी निघालं की बाबा डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत, मगच उंबरा ओलांडायचा. श्रीगोंद्याला जाऊन संध्याकाळी परत यायचं असलं तरी. हा तसाच गेला, ते बाबांना फार लागलं. बोलले मात्र नाहीत. बोलायचं नाही आणि आतल्या आत कुढत बसायचं, हा आमच्या घराण्याचा गुणच. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.

तीन वर्षं अशी गेली. तो नगरला एका सायकलच्या दुकानात लागला होता. दोन-तीन महिन्यांनी मला शाळेच्या पत्त्यावर कार्ड टाकायचा. मी मुद्दाम ते टेबलावर ठेवायची. बाबा बघून न बघितल्यासारखं करायचे. पण एकदा मी वर्ग घेऊन आले तर कार्ड पालथं होतं, आणि मी ते उताणं ठेवून गेले होते. मला हसू आलं आणि रडूही आलं.

मग डिसेंबरात त्याचं पत्र आलं. कार्ड नाही, पाकिटातलं पत्र. पाथर्डीच्या रस्त्यावर करंजीचा घाट आहे, तिथं जानेवारीत सायकलींची शर्यत होती. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, खालून वर. नगरच्या सायकलवाल्यांनी मिळून ठरवली होती आणि हाही तीत उतरणार होता. लिहिलं होतं, 'ताई, तू येशील का? रविवार आहे म्हणून बाबांचं काही विचारत नाही.' आणि खाली सही केल्यावर, सहीच्याही खाली, 'बाबांना सांगितलंस तरी चालेल.'

ती शेवटची ओळ मी किती वेळा वाचली असेल! मला शर्यतीशी काही देणंघेणं नव्हतं. तो पहिला येवो नाहीतर विसावा. मला त्या दोघांना एकदा समोरासमोर उभं करायचं होतं. एवढं झालं की बाकीचं आपोआप होईल, कारण दोघांचाही जीव एकमेकांत अडकलेला होता हे मला दिसत होतं.

बाबांना पत्र वाचून दाखवलं. ते उठून विहिरीवर गेले. आठ दिवस घरात या विषयावर अवाक्षर नाही. नवव्या दिवशी वह्या तपासता तपासता मान वर न करता म्हणाले, "करंजी इथून किती मैल गं?"

मी म्हटलं, "छत्तीस मैल नगर, पुढं वीस एक."

"माझ्या सायकलीनं व्हायचं का ते?"

मी आत गेले आणि चुलीपुढं बसून पदर तोंडाला लावून रडले. बाबांनी रविवार सोडायचा ठरवला होता. दुसऱ्या कुणाला त्याची किंमत कळायची नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडे त्यांनी त्या दिवसाची उपासना सोपवली. कुठं जाता विचारल्यावर "मुलाकडे," एवढंच म्हणाले. अट एकच घातली. आपण जिथं असू तिथं वेळेवर उपासना करायची, आणि खाली जिथं बाजा आणि पैजा लावणारे असतील त्या गर्दीत बसायचं नाही.

बाबांचं वय पंचावन्नच्या घरात. एवढ्या लांब त्यांना एकटीनं न्यायची माझी छाती नव्हती. म्हणून गावच्या पोस्टमनला विचारलं. तो आमच्या मंडळीतला नव्हे, गावातल्या शेतकरी घरातला, पण रोज पाच गावं सायकलवर फिरणारा, दांडगा आणि बोलका. "व्हय तर, येतो की! पोराला मी चड्डीत बघितलाय," म्हणाला. जवळच गावचा शिंपी बसला होता. भाऊ सायकली मोडायचा-जोडायचा तो त्याच्याच दुकानाच्या पायरीवर. शिंपी म्हणाला, "मग मी काय पाप केलंय?" झालं, आम्ही चौघं ठरलो.

पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी शिंप्याच्या पायरीवर आमची सभा. नमनालाच घडाभर तेल! बाबा अध्यक्षासारखे खुर्चीवर, मी कागद-पेन्सिल घेऊन. शनिवारी काष्टीचा बाजार. शिंपी म्हणे, बाजार सोडून निघालो तर आठवडाभर घरात चूल पेटायची नाही. पोस्टमन म्हणे, टपाल वाटल्याशिवाय मला हलता येत न्हाई. शेवटी ठरलं, शनिवारी दुपारी निघायचं, नगरच्या चार मैल अलीकडे बाबांच्या ओळखीचे एक शिक्षक राहतात त्यांच्याकडे मुक्काम, आणि रविवारी तांबडं फुटताना पुढं. शिंप्याच्या मागच्या टायरला वीतभर चीर होती. पोस्टमननं जुन्या टायरचा तुकडा कापून आतून लावून दिला. माझी सायकल बायकी, शाळेच्या मडमनं विलायतेला परत जाताना दिलेली, तिचा ब्रेक उतारावर नुसता किंचाळायचा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, पंप, दोन सोल्यूशनच्या ट्यूबा. सगळ्याची यादी माझ्याकडे.

एका संध्याकाळी पोस्टमन म्हणाला, "बाई, पोराला एक कार्ड टाका की, आमी येतोय म्हनून. म्या सोता थैलीत घालतो."

मी म्हटलं, "मुळीच नाही. कुणी एक शब्द बोलायचा नाही. एकदम समोर दिसलो पाहिजे."

यात माझ्या मनात काय होतं ते सांगायला हवं. आमच्या घरी एक रीत होती. नाताळ आला की बाबा महिनाभर आधीपासून तोंड पाडून म्हणायचे, यंदा जमत नाही बाळांनो, जुनेच कपडे धुऊन घाला. आणि नाताळच्या सकाळी उशाशी नवे कपडे असायचे. दरवर्षी. आम्हाला माहीत असायचं, तरी आम्ही दरवर्षी हिरमुसून झोपायचो आणि दरवर्षी ओरडत उठायचो. आमच्याकडे द्यायचं असलं की आधी नाही म्हणायचं. माया करायची दुसरी तऱ्हा आम्हाला कुणी शिकवलीच नव्हती. मग मी मेलीनं तीच रीत उचलली. भावाला कार्ड लिहिलं, 'शाळेची तपासणी आहे, मला जमायचं नाही. बाबांचं तुला माहीत आहेच. नीट राहा.'

कार्ड पोस्टमनच्या हातात दिलं. गावात कुणाचंही उघडं कार्ड तो वाचायचाच. वाचून म्हणाला, "हे बरं न्हाई बाई."

"तुम्हाला काय कळतंय? शर्यतीच्या दिवशी त्याचं तोंड बघा," मी म्हटलं. त्यानं कार्ड थैलीत टाकलं.

शनिवारी दुपारी निघालो. निघताना बाबांनी आम्हा तिघांच्या डोक्यावर हात ठेवला, पोस्टमनच्याही आणि शिंप्याच्याही. दोघं मुकाट्यानं डोकं वाकवून उभे राहिले. मग बाबा सायकलवर टांग टाकून जे पुढं निघाले ते कोळगावपर्यंत मागं वळले नाहीत. मला वाटलं होतं त्यांना ढकलत न्यावं लागेल. चढ आला की उतरायचे, सायकल हातानं ढकलायचे आणि चालता चालता पोस्टमनला विचारायचे, "तुमच्या मते ओल्या खडीवर टायरात हवा किती असावी?" ही सगळी माहिती मुलाशी बोलायला गोळा करत होते हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ज्वारी हुरड्याला आली होती. एका शेतकऱ्यानं हाक मारून बसवलं आणि हुरडा भाजून दिला. बाबा खाता खाता मधेच थांबले. "त्याला हुरडा फार आवडतो," म्हणाले. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून मी त्याच्याबद्दल ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

रविवारी आम्ही वेळेत पोहोचलो, हे दुःख. उशीर झाला असता तर उशिराला बोल लावता आला असता. नगरकडून गेलं की आधी घाटमाथा लागतो, रस्ता मग वळणं घेत खाली करंजीला उतरतो. शर्यत सुरू व्हायला तास-दीड तास होता. माथ्यावर निशाण लावलेलं, दोन पंच, थोडी मेंढरंवाली माणसं आणि आम्ही. खाली पायथ्याला मांडव दिसत होता, माणसं मुंग्यांएवढी, बाजाचा आवाज वाऱ्याबरोबर तुटक तुटक वर यायचा. आम्ही सायकली झाडाला टेकवल्या. मी म्हटलं, बघा, सगळं कसं ठरल्याप्रमाणं झालं.

बाबा कडेला जाऊन उभे राहिले. खाली बघत होते. बऱ्याच वेळानं माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "मी खाली जाऊन येऊ का गं? निघायच्या आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. लगेच परत येतो."

अहो, हे माझे बाबा! ज्यांनी गर्दीत जाणार नाही म्हणून अट घातली होती ते. मी त्यांना काय सांगितलं? मी म्हटलं, "आता नको बाबा. आत्ता दिसलात तर सगळी गंमत जाईल. तो वर आला की ठेवा." वर्गात मुलींना बजावताना लागतो तसा माझा आवाज लागला होता.

पोस्टमन म्हणाला, "जाऊ द्या की त्यास्नी. म्या नेतो."

"एकदा ठरलं ते ठरलं," मी म्हटलं.

बाबा परत जाऊन दगडावर बसले. जन्मभर मी त्यांचं ऐकलं होतं, त्यांनी माझं मुकाट्यानं ऐकलं ते त्या एका दिवशी.

उपासनेची वेळ झाली तशी आम्ही तिथंच बसलो. बाबांनी वाचन केलं, प्रार्थना केली. प्रार्थनेत आधी पाऊसपाणी, मंडळी, आजारी माणसं, सगळं नेहमीसारखं आलं. मग थांबले, आणि म्हणाले, "माझं पोरगं खाली आहे. त्याला सांभाळ. मी त्याला चारचौघांत लाज आणली, त्याची मला क्षमा कर." मी डोळे उघडले. शिंपी आणि पोस्टमन हात जोडून बसले होते, दोघांचे डोळे भरलेले. आमेन म्हणायच्या आत खाली बार उडाला आणि शर्यत सुटली.

आम्ही उठून कडेला धावलो. खालची वळणं झाडीत होती, काही दिसायचं नाही. मधे एका वळणाला रस्ता उघडा पडायचा, तिथं ठिपके दिसले, सरकले, पुन्हा झाडीत गेले. कोण कुणाचा ते एवढ्या लांबून कसं कळणार? पहिला वर आला तो तांबड्या सदऱ्यातला कुणी परका. त्याच्यामागं एक दाढीवाला. मग तिघं एकदम. बाबा प्रत्येकाच्या तोंडाकडे वाकून बघायचे आणि सरळ व्हायचे. एक जण वर येऊन रस्त्यातच आडवा झाला, त्याला बाबांनी आमचं पाणी पाजलं. पाजतानासुद्धा डोळे रस्त्यावर.

सगळे येऊन गेले. पंच निशाण गुंडाळायला लागले. पोस्टमननं शेवटच्या पोराला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "नगरच्या दुकानातला व्हय? त्यो अर्ध्या घाटातनं माघारी फिरला. फुटलं असंल टायर."

मला हायसंच वाटलं, खरं सांगते. म्हटलं, एवढंच ना! पंक्चर काढेल आणि येईल वर, नगरचा रस्ता हाच तर आहे. बाबा म्हणाले, चला खाली. मी म्हटलं, चुकामूक होईल, इथंच थांबू. थांबलो. ऊन डोक्यावर आलं. भाकरी कुणी सोडली नाही. शेवटी पोस्टमन माझ्याकडे न बघता सायकल घेऊन खाली गेला आणि तासाभरानं ढकलत वर आला. पायथ्याला मांडव उतरवत होते. भाऊ शेवगावकडे जाणाऱ्या मालाच्या लॉरीत सायकल टाकून केव्हाच गेला होता.

"कुनाशी बोलला न्हाई म्हनं," पोस्टमन म्हणाला. "आन् शर्यत सुटायच्या आदी गर्दीत हिंडत हुता. कुनीतरी यायचं हाय का, म्हनून इचारलं त्याला मांडववाल्यानं. न्हाई म्हनला, कुनी न्हाई."

संध्याकाळी नगरच्या दुकानाशी गेलो. कुलूप. बाबा पायरीवर बसून राहिले. सोमवारी सकाळी मालक आला, पोरगा परतला नाही म्हणाला. आठ दिवसांनी कुणाच्या तरी हाती त्यानं आपले कपडे मागवून घेतले आणि मुंबईला गेला असं कळलं.

मी दुकानमालकाच्या पत्त्यावर सविस्तर पत्र लिहिलं, पुढं पाठवा म्हणून. बाबा आले होते, माथ्यावर उभे होते, तुझ्यासाठी प्रार्थना केली, सगळं लिहिलं. खाली यायचं म्हणत होते आणि मी अडवलं, हे तेवढं लिहिलं नाही. महिन्यानं त्याचं उत्तर आलं. वर पत्ता नाही. 'ताई, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तू लिहिलंस हे कळतं. तुझी दोन पत्रं माझ्याजवळ आहेत. एकात लिहिलंयस, बाबांचं तुला माहीत आहेच, आणि दुसऱ्यात लिहिलंयस, बाबा आले होते. मला पहिलं खरं वाटतं.'

मी ते बाबांपुढं ठेवलं. म्हटलं, तुम्ही स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहा, तुमचं अक्षर बघितलं की विश्वास बसेल, मालक पोहोचतं करतील. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. "मी आलो होतो, याची साक्ष मीच द्यायची?" म्हणाले. मी भांडले. रडले. शेवटी त्यांना तोडून बोलले, की तुमच्या या ताठ्यानंच माझा भाऊ गेला. यावर त्यांनी मला सुनावायला हवं होतं, की मुली, मी खाली निघालो होतो, मला धरून कुणी बसवलं? त्यांनी ते कधीच ऐकवलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. बोलले असते तर माझं ओझं हलकं झालं असतं.

अडीच वर्षं गेली. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, शाळेवर झेंडा लागला, बाबांनी मुलांना पेढे वाटले. पुढच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि सातव्या दिवशी गेले. शुद्धीत होते तोवर दोनदा विचारलं, पोस्टमन येऊन गेला का. मी म्हटलं, भावाला कळवू का, मालकाकडून पत्ता काढते. "नको," म्हणाले, "आजारी आहे म्हणून बोलावलं असं व्हायला नको. तो आपण होऊन येईल, तेव्हा मी सांगेन."

तार पोस्टमननं स्वतः श्रीगोंद्याला जाऊन केली, दुकानमालकाकडून पत्ता मिळवून. भाऊ आला तेव्हा माती देऊन दोन दिवस झाले होते. वाळला होता, हातांना कारखान्याचं काळं बसलेलं. कबरीजवळ उभा राहिला, पण डोळ्यांतून टिपूस नाही. माझ्याशी धड बोलेना. संध्याकाळी पोस्टमन आणि शिंपी ओसरीवर येऊन बसले, हाही खांबाला टेकून बसला, तेव्हा शिंप्यानं सहज तोंड उघडलं. "तुझ्या शर्यतीला गेल्तो बघ आम्ही. मास्तर कोळगावापर्यंत एका दमात आले होते, माझ्याच्यानं होईना."

भावानं मान वर केली. "कोण आलं होतं?"

"मास्तर," पोस्टमन म्हणाला. "आमी चौघंबी. घाटाच्या माथ्यावर हुतो की रं! तुला ठावं न्हाई?"

तो एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. दोघांनाही खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. मग पोस्टमननं सगळं सांगितलं, हुरडा, पाणी पाजलं ते, प्रार्थनेतली क्षमासुद्धा शब्द न् शब्द. ऐकता ऐकता भावाचा चेहरा लहान पोराचा झाला. तो म्हणाला, "मग खाली का नाही आले?"

दोघंही जमिनीकडे बघायला लागले. त्यांनी माझं नाव घेतलं नसतं, हे मला माहीत होतं. बाबांनी घेतलं नव्हतं, यांनीही घेतलं नसतं. मी म्हटलं, "येत होते. दोनदा निघाले. मी येऊ दिलं नाही. तुझी गंमत करायची होती मला."

मला वाटलं तो ओरडेल, उठून जाईल. तसं काही झालं नाही. हाताच्या काळ्या रेषा दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चोळत बसला.

"ताई, टायर फुटलं नव्हतं," तो म्हणाला. "अर्ध्या घाटात मी सगळ्यांच्या पुढं होतो. तिथं उघड्या वळणावर आलो आणि वर बघितलं. माथ्यावर कडेला चार माणसं उभी दिसली, कुणाची कोण जाणे. म्हटलं, आपलं वर कोण आहे? आणि सायकल फिरवली."